कंसातला दरवान

तिचं खरं नाव वाचनालयाच्या हजेरीपटात आहे, ते तिथंच राहू दे. गावाला ती कंसबाई म्हणूनच माहीत. बहिणीची मुलं त्याहून आगाऊ. ती तिला कंसमावशी म्हणतात आणि वर "मामा असतीस तर जास्त शोभलं असतं" असंही ऐकवतात.

हे नाव तिनं कमावलेलं आहे. वाचनालयाच्या मोठ्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी विचारवंत येतो आणि चारशे माणसांसमोर त्याच्याशी गप्पा होतात. विषय हलकेफुलके नसतात. काळा माणूस शेजारी बसला की गोऱ्याचा हात खिशाकडे का जातो, पिढ्यान् पिढ्यांच्या अन्यायाची भरपाई करायची तर ती कशानं करायची, लाज आधी पोटात उतरते की कानांवर चढते, मत्सराला वास असतो का, असलं काहीबाही. कंसबाई सगळ्यात मागे, काचेच्या खोलीत बसून ते सगळं ध्वनिफितीवर घेते आणि दुसऱ्या दिवशी शब्दन् शब्द टाइप करते. शब्द थांबले की तिचं खरं काम सुरू होतं, कारण तिथं कंस येतो.

इतर लोक कंसात 'हशा' लिहून मोकळे होतात. हिच्याकडे हशाचे चाळीसेक प्रकार. (शेजाऱ्याकडे बघून मग केलेला हशा.) (समजलं नाही हे कळू नये म्हणून हशा.) एकदा एक विदुषी लाजेवर बोलता बोलता थांबल्या, तर हिनं लिहिलं, (वक्त्या चष्मा पुसतात. चष्मा स्वच्छ आहे.) त्या बाईंनी म्हणे तो कागद चौकट करून घरात लावला. एका तत्त्वज्ञानं मात्र तक्रार केली होती, कारण त्याच्या संभाषणात मधूनमधून (तिसऱ्या रांगेत घोरणं, तालात) असं येत होतं. चौकशीत घोरणाऱ्या ग्रंथपालांच्या सौभाग्यवती निघाल्या, आणि तेव्हापासून ग्रंथपालांना कंस आवडत नाहीत.

ग्रंथपाल माणूस नीटनेटका. मिशीला दर पंधरा दिवसांनी रंग लावतात आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून फिरतात. "वाचकाला कंस टोचतात, बाई," हे त्यांचं पालुपद. सभागृहातला तिसरा माणूस म्हणजे आवाजवाला. माइक, कर्णे आणि जुनी यंत्रं सांभाळतो. गेली एकोणीस वर्षं तो दुपारी चार वाजता कंसबाईच्या टेबलावर चहाचा कप ठेवतो आणि एक अक्षर न बोलता निघून जातो. याबद्दल गावाचं एक मत आहे. कंसबाईचंही असावं, पण ते कंसात आहे.

दुपारी त्या काचेच्या खोलीत उन्हाचा एक चौकोन येतो, टेबलावरून सावकाश चालत जातो आणि भिंतीवर चढतो. हेडफोनच्या दोन वाट्या कानांवर बसल्या की जग बाहेर राहतं. फितीचा वेग कमी केला की आवाज पाण्याखालून आल्यासारखे लांबतात. 'न्याय' हा शब्द माशासारखा शेपटी हलवत पुढे जातो, मागून 'करुणा' येते, आणि दोन वाक्यांच्या मधल्या पाण्यात खोकले, खुर्च्या, पिशव्यांच्या चेन तरंगत राहतात. अशा वेळी कंसबाई झोपलेली नसते आणि धड जागीही नसते. बोटं तेवढी चालू असतात.

ही खोली पूर्वी खोली नव्हती. काळ्या माणसांना सभागृहात खुर्ची मिळत नसे तेव्हा त्यांनी उभं राहायची ती जागा. काचेखाली अजून एक लाकडी आडवं आहे, कठड्यासारखं, कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेलं. कंसबाईचे बाबा या सभागृहाचे दरवान होते. पुढचं दार लोकांसाठी उघडायचं आणि आपण मागच्या दारानं आत यायचं, ही त्यांची नोकरी. पुढे कायदा बदलला, खुर्च्या सगळ्यांच्या झाल्या, पण बाबा मागच्या आडव्यापाशीच उभे राहिले. तिथं ऐकू धड येत नसे. कर्ण्यांची तोंडं पुढच्या रांगांकडे, त्यामुळे मागे पोचेपर्यंत शब्द अर्धामुर्धा कुरतडलेला असायचा.

घरी दारामागे एक खुंटी होती, अजून आहे. तिला काही टांगायचं नाही, असा नियम. बाबा कामावरून आले की दाराशी क्षणभर थांबायचे, खांद्यावरून जड कोट उतरवल्यासारखं करायचे, तो नसलेला कोट खुंटीला अडकवायचे आणि मग हसत आत यायचे. दोघी मुलींना तो खेळ वाटायचा. धाकटी तर खुंटीखाली उभी राहून वर बघायची, काही लोंबतंय का म्हणून.

कंसबाई नऊ वर्षांची असताना, एका गुरुवारी, बाबा त्या खुंटीपाशी फार वेळ उभे राहिले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"हसले."

"कोण?"

"सगळे."

एवढंच. त्यानंतर सभागृहात त्यांनी 'या' आणि 'सांभाळून, पायरी आहे' यापलीकडे तोंड उघडलं नाही. आईनं खोदून खोदून विचारलं, चिडून विचारलं, आजारपणात उशाशी बसून विचारलं. बाबा गेले ते न सांगताच.

कंसबाई नोकरीला लागली तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात त्या गुरुवारचा कागद शोधून काढला होता. तिच्या आधीच्या टंकलेखकांनी टाइप केलेला. एक काळा विचारवंत पहिल्यांदाच त्या व्यासपीठावर बसला होता. चौथ्या पानावर त्याचा एक प्रश्न होता आणि त्याखाली कंस, (मागून कुणीतरी काहीतरी बोलते. हशा.) पुढे पान कोरं, आणि पाचव्या पानावर नवाच मुद्दा.

तिच्या बाबांचं अख्खं बोलणं त्या 'काहीतरी'त होतं. आणि हशा कसला, ते लिहिलेलं नव्हतं. कंसबाईनं हशाचे चाळीस प्रकार पुढे शोधले, ते कशापायी, हे आता सांगायला नको.

फीत होती, पण ग्रंथपालांच्या कपाटात, आणि ती वाजवायचं यंत्र मोडलेलं. अशी वर्षं गेली. मग यंदा वाचनालयानं जुन्या गप्पांचं पुस्तक काढायचं ठरवलं. कपाट उघडलं. पुस्तक शुक्रवारी छापायला जाणार होतं आणि त्यानंतर त्या चिकट झालेल्या फिती भंगारात. आवाजवाल्यानं तीन यंत्रांचे भाग एकत्र करून एक चालू यंत्र उभं केलं.

"एकदाच वाजेल, बाई," तो म्हणाला. एकोणीस वर्षांतलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं पुढे आलं. "पट्टी पापुद्र्यासारखी झालीय. वाजताना मी दुसरीवर उतरवून घेतो, पण मागे फिरवायला गेलो तर तुकडे होतील. केव्हा लावू?"

"उद्या," कंसबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही "उद्या" म्हणाली. मंगळवारी तिला शिंका येत होत्या. बुधवारी तिनं टेबलाचे खण आवरले.

भीती साधी होती. ऐकलं नाही, तर बाबांना कोण कसं हसलं हे तिच्या मर्जीवर राहत होतं. हवं तर ते मायेचं हसू होतं. ऐकलं की तिचे कान खोटं बोलणार नव्हते. तेवढी ती आपल्या कलेत तयार होती, हीच पंचाईत.

गुरुवारी चार वाजता आवाजवाला चहा घेऊन आला, कप ठेवला आणि पहिल्यांदाच गेला नाही. "उद्या शुक्रवार," तो म्हणाला.

तिनं हेडफोन लावले.

आधी नुसती खरखर, धान्य ओतल्यासारखी. मग त्यातून चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं सभागृह हळूहळू वर आलं. खुर्च्या, पंखे, कुणाच्या तरी बांगड्या. विचारवंताचा आवाज खालच्या पट्टीतला, दमलेला. तो म्हणाला, "दिवसभर अंगावर वागवलेल्या रंगाचं तुम्ही काय करता, घरी गेल्यावर?" पुढच्या रांगांनी नुसतं खाकरून घेतलं. त्यांनी रंग कधी वागवलाच नव्हता, त्या काय सांगणार? आणि मग लांबून, अगदी लांबून, एक तरुण आवाज आला. तिच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. तिचे बाबा.

"दाराशी खुंटीला टांगून ठेवतो, साहेब. सकाळी निघताना परत घालतो."

चारशे माणसांत हशा फुटला. पुढून कुणीतरी ओरडलं, "मग आत्ता काढून दाखव की!" आणि हशा दुप्पट झाला.

कंसबाईनं डोळे मिटले. शंकेला जागा नव्हती. मायेचा नव्हता तो. काळा दरवान रात्री आपलं कातडं खुंटीला टांगतो, हे चित्र डोळ्यांपुढे येऊन लोक खिदळत होते.

पण तिला, आणि तिला वाटलं फक्त तिलाच, त्यात दुसरं काही ऐकू आलं. ती त्याच आडव्यापाशी एवढी वर्षं बसत होती. मागे शब्द कसा कुरतडून येतो हे तिला ठाऊक होतं. विचारवंत 'रंगाचं' म्हणाला. आडव्यापाशी पोचेपर्यंत त्यातला तो नाकातला ठिपका गळाला होता. बाबांनी ऐकलं 'रागाचं'. घरी गेल्यावर रागाचं काय करता? खुंटी. जड कोट. उन्हाचा चौकोन भिंतीवर चढत होता आणि कंसबाईला वाटलं, त्या खोलीत कुणीतरी खांद्यावरून काहीतरी उतरवतंय, सावकाश, आवाज न करता.

फितीवर मागच्या दाराची स्प्रिंग करकरली. तीच स्प्रिंग, आजही तशीच करकरते. मग अकरा सेकंद काही नाही. आणि मग दमलेला आवाज:

"थांबा. हसू नका. खुंटीला रंग टांगता येत नाही, राग येतो. मी रंगाचं विचारलं, त्यांनी रागाचं सांगितलं. माझा प्रश्न चुकला होता. मी विचारायला हवं होतं तेच त्यांनी ऐकलंय. दरवानसाहेब, पुढे या. इथं खुर्ची आहे." थोडं थांबून, "गेले का?" आणि मग स्वतःशीच, "गेले."

पुढचा मुद्दा दुसऱ्या फितीवर असणार; ही संपली आणि चाकावर फडफडत राहिली. आवाजवाल्यानं यंत्र बंद केलं, गार झालेला चहा उचलला आणि दुसरा आणायला गेला.

एवढ्या मोठ्या माणसानं दरवानापुढे आपला प्रश्न चुकला म्हणावं, हे त्या जुन्या टंकलेखकांना ऐकण्यातली चूक वाटलं असावं. त्यांनी ती दुरुस्त केली होती.

शुक्रवारी सकाळी कंसबाई नवा कागद घेऊन ग्रंथपालांपुढे उभी राहिली. त्यांनी वाचला. मिशीवरून बोट फिरवलं, मग बोट बघितलं.

"विचारवंतांचं वाक्य घेऊ," ते म्हणाले. "पण दरवानांचं कंसातच राहू दे, बाई. पुस्तकाचा नियम आहे. व्यासपीठावर होता तो ओळीत, बाकी सगळे कंसात."

"खुर्ची दिली होती त्यांना. वाचलंत ना?"

"दिली, पण ते बसले नाहीत."

"बसायला थांबले नाहीत, सर. हसणारे तुमचेच सभासद होते."

ग्रंथपालांचं बोट परत मिशीकडे गेलं. कंसबाईनं पुस्तकाची सगळी पानं त्यांच्यापुढे सरकवली.

"यात माझे कंस आहेत," ती म्हणाली. "चारशेच्या वर असतील. घोरणंसुद्धा आहे."

"तेही आहे?"

"तालासकट. सगळे काढून टाका. एकही ठेवू नका. पण बाबा ओळीत हवेत. 'दरवान', पुढे दोन टिंबं, आणि त्यांचं वाक्य. इतरांचं असतं तसं."

ग्रंथपालांनी पानं जवळ ओढली. वीस वर्षं त्यांना जे हवं होतं ते आयतं हातात आलं होतं, आणि ते घेताना त्यांना बरं वाटत नव्हतं. "चष्म्याचा तरी ठेवू या का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको. चष्म्याचाही काढा."

घरी आली तेव्हा आई खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. शहात्तर वर्षांची, एका कानानं अधू, जिभेनं ठणठणीत. कंसबाईनं तिच्या चांगल्या कानाशी बसून सगळं वाचून दाखवलं. आधी ते ओरडणं, मग हशा, मग दाराची करकर आणि शेवटी खुर्ची. काही लपवलं नाही. आई सोलायची थांबली.

"म्हणजे ऐकलं चुकीचंच ना!" ती म्हणाली. "किती वेळा सांगितलं होतं ह्यांना, कान दाखवून या म्हणून!"

"अगं आई..."

"अगं आई काय! चव्वेचाळीस वर्षं मी त्या हसणाऱ्यांना शिव्या घालतेय."

"त्या फुकट नाही गेल्या. ते हसलेच होते."

"मग असू दे." आईनं एक शेंग उचलली, परत ठेवली. "पुढे या म्हणाला तो? खरंच?"

"साहेब म्हणाला. दरवानसाहेब."

"खुर्ची कसली होती?"

"गादीची असणार. व्यासपीठावर सगळ्या गादीच्याच."

"मग बसले नसतेच हे. आधी हातानं गादी झटकली असती, मग अर्ध्यावर टेकले असते, आणि पाय दुखतात म्हणून परत उठले असते." आईनं बसल्या बसल्या हवेतली गादी झटकून दाखवली, अगदी बाबांसारखी, आणि तिला हसू आलं. ते आधी नाकात आलं, मग खांद्यांत उतरलं, मग डोळ्यांतून वाहायला लागलं, आणि शेंगांचं सूप मांडीवरून घसरून सगळीकडे दाणे झाले तरी थांबेना. "काय बघतेस?" ती मधेच म्हणाली. "ती पिशवी खाली कशाला टाकलीस? टांग तिकडे, खुंटीला."

कंसबाईनं पिशवी टांगली आणि तशीच दारामागे उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय, या हसण्याला काय म्हणायचं ते ती मनात जुळवू लागली. चाळिसातलं एकही बसेना. आणि बसलं असतं तरी ठेवणार कशात? कंस तर तिनं सकाळीच सगळे देऊन टाकले होते.