सुतकाच्या घरचा विस्तव

कापसाचा भाव चढला होता, त्या वर्षांतली गोष्ट. भातकुलीकडच्या आमच्या गावात पटकी शिरली. शेजारणीचा नवरा कापसाची गाडी घेऊन अमरावतीला गेला, तो हगवण-ओकारी घेऊनच परतला. दुसऱ्या सकाळी गेला. पोरबाळ नव्हतं. गाव तिच्या दारावरून जाईनासं झालं.

काड्यापेटी तेव्हा आमच्याकडे नव्हती. चूल विझली की शेजारून खापरात विस्तव आणायचा. पण सुतकाच्या घरचा कोणी घेत नसे, आणि पटकीच्या घरचा तर नाहीच.

एका दुपारी ती आली आणि जात्याचा खुंटा माझ्या ओट्यावर ठेवला.

"ठेव तुले. मले आता काय लागते?"

शेळी तिनं आधीच देऊन टाकली होती. बोलताना नजर विहिरीकडे. मला समजलं. धीराचे शब्द मला कधीच येत नव्हते. देवाची मर्जी म्हणणाऱ्या बायका लांबूनच म्हणून गेल्या होत्या.

तिला घेऊन तिच्या घरात गेले. चुलीत पाणी ओतलेलं होतं. ओली राख काढली, माझ्या घरचे निखारे आणून ती चूल पेटवली. मग तिला माझ्या दारात उभं करून तिच्यादेखत माझी चूल विझवली.

"येडी झाली काय वो?"

"सकाळी तुह्याकडूनच इस्तो नेईन. या मरीत दुसरं कोनी दारात उभं करत नाही. तुही विझली तं माह्यं पोर उपाशी."

"तुही सासू मारन तुले."

"मारू दे."

सासूनं मारलं नाही, तोंड मात्र सोडलं. "सुतकाचा इस्तो घरात आनशीन? पोराले खाशीन तू!"

भीती मलाही तीच होती. पोर नुकतंच पेज खायला लागलेलं. आणि ती विहिरीकडे गेलीच, तर माझे चार निखारे तिला काय अडवणार होते?

उजाडताच खापर घेऊन निघाले. तिच्या छपरावर धूर नव्हता. विहिरीकडे बघवेना. दार ढकललं.

ती चुलीपुढे बसली होती. केस मोकळे, तोंड सुजलेलं. राखेखाली झाकलेले निखारे उकरत होती.

"एवढा उशीर काहून? पोरगं कवाचं रडून राहिलं, आयकू नाही येत तुले?"

तिनं खापर भरून दिलं. जात्याचा खुंटा मी पदरात आणला होता, तो तिच्या जात्यात ठोकला. ती उरलेल्या निखाऱ्यांवर राख ओढू लागली.

घरी पेज झाल्यावर मी माझ्या चुलीत पुन्हा पाणी ओतलं, उद्याचाही विस्तव तिच्याकडूनच आणायचा म्हणून. सासू ओरडतच राहिली.