बांधाखालचं अर्धं वावर

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी तळ्यावर पाहुणे आले होते. गावानं मिळून उघडा डोंगर कसा हिरवा केला, पाणी कसं अडवलं, ते बघायला. गावाबाहेर धानोऱ्याकडे जाणारा रस्ता तळ्याच्या बांधावरूनच आहे, त्यामुळे गर्दीत आमची जीप थांबली. माझ्या मांडीवर भांड्यांचं पोतं होतं. खिडकीतून जेठ दिसले, म्हणजे यांचे मोठे भाऊ. गळ्यात हार होता आणि ते पाण्याकडे बोट दाखवून काही सांगत होते. ते दाखवत होते तिथंच पाण्याखाली आमचं वावर होतं. हे दुसरीकडे तोंड करून बसले.

आता सुरतेत चार वर्षं झाली. हे लूमवर जातात. मी खोलीवर साड्यांचे धागे कापते. शेठचा माणूस गठ्ठा टाकतो, संध्याकाळी नेतो. गल्लीत नळ थोडाच वेळ येतो. रांगेत हंडा धरून उभी राहिले की मला डोंगरावरचे चर आठवतात.

त्या डोंगरावर तेव्हा गवताची काडी नव्हती. गावानं ठरवलं, गुरं सोडायची नाहीत, झाड तोडायचं नाही, घरटी एक माणूस चर खोदायला. बायाच जास्त यायच्या. मी चौथी शिकलेली, म्हणून कामाची वही माझ्याकडे दिली. कोण आलं, काय ठरलं, ते लिहायचं. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण लिहिताना भीती वाटायची नाही. बाया चिडवायच्या, "ओ बाईसाहेब, मन्हं नाव मोठं लिख, तुन्हा जेठपेक्षा मी जास्त खंदेल शे!" मी खाली मान घालून हसायची आणि खरंच तिचं नाव थोडं मोठं लिहायची.

चरांत पाणी मुरायला लागलं. मग खाली तळं करायचं ठरलं. नाल्याच्या वळणावर पाणी थांबणार होतं आणि तिथं आमचं वावर होतं. आमच्याकडे तेवढंच. बांधाखाली जेठांचं मोठं वावर, विहिरीसकट.

श्रावणात जेठांच्या घरी कानबाई, म्हणजे आमची देवी, बसली होती. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, ते दळून रोट करतात, आणि ते फक्त भाऊबंद खातात. चुलीपाशी मी आणि जेठाणी रोट भाजत होतो. जेठ यांना म्हणाले, "तुन्हं वावर तळाले दे. बांधखालनं मन्हं अर्धं वावर तुन्हं." यांनी कानबाईला हात जोडले. झालं.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहायची वेळ आली. जेठांनी सांगितलं तसं मी लिहिलं, "ही जमीन आम्ही स्वखुशीने गावाच्या पाण्यासाठी देत आहोत." पुढं अर्ध्या वावराचं लिहायचं होतं. जेठांसमोर मी बोलत नाही, पदर पुढं असतो. जेठाणीच्या कानात विचारलं. तिनं मोठ्यानं विचारलं. जेठ हसले, "भाऊभाऊमा कागद कसाले? कानबाई बठेल शे ना समोर."

मला लाज वाटली. आपल्याच हातानं आपला वाटा काय लिहायचा! मी वही मिटली.

पहिल्याच वर्षी तळं भरलं. जेठांची विहीर वरपर्यंत आली. त्यांनी मोटर बसवली आणि सगळ्या वावरात पपई लावली. हे बोलायला गेले तेव्हा मी दाराशी होते. जेठ म्हणाले, "कोनतं अर्धं? वहीमा दखाड. कोठे लिखेल शे?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्षर तर तुन्ही बायकोनंच शे."

जेठाणी आत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ज्या बायांची नावं मी मोठी लिहिली होती, त्याही म्हणाल्या, "तुम्हना घरनं भांडन शे, आम्ही काय बोलाव?" पाणी सगळ्यांच्या विहिरींना आलं होतं. जेठांशी कुणाला वाकडं नको होतं.

माझे वडील सगळ्यांना सांगायचे, "चार बुकं शिकनी मन्ही पोर. आते तिले कोनी फसाडनार नही." ते गेले, बरं झालं, असं त्या दिवशी वाटलं. नंतर त्या वाटण्याचीही लाज वाटली.

परवा जेठाणीचा फोन आला. "ऐक व माय, यंदा रोटले या. तुन्हा नवरानी मूठ मी काढी ठेयेल शे."

दरवर्षी मी हो म्हणते आणि जात नाही. यंदा मी म्हणाले, "आम्हनी मूठ धरू नका, बाई."

मग मी विचारलं, "तुम्हीन ऐकेल व्हतं ना, चूलपाशी?"

फोन चालू होता. मागं मोटरचा आवाज येत होता. मग तिनं फोन ठेवला.

इथल्या बाया विचारतात, घर कुठं? मी गावाचं नाव सांगते. तळ्याचा फोटो कुणी पाठवला की आमच्या वावरातलं बोरीचं झाड शोधते. ते अजून कमरेएवढ्या पाण्यात उभं आहे. डोंगरावर आम्ही लावलेला बांबू आता माणसापेक्षा उंच झालाय. त्या पाण्यावर माझा राग नाही. ते मीच आणलेलं आहे. घर म्हटलं की अजून तेच तळं डोळ्यापुढं येतं, फक्त त्याच्या काठावर उभं राहायला आम्हाला जागा नाही.

साड्यांच्या गठ्ठ्यातून आलेला एक कोरा पुठ्ठा ठेवला होता. त्यावर आज लिहिलं: कानबाईसमोर रोट भाजत असताना जेठांनी बांधाखालचं अर्धं वावर आम्हाला दिलं. मी ऐकलं. जेठाणीनं ऐकलं. हे माझंच अक्षर आहे.