मोहाखाली मोठ्याने वाचलेली कादंबरी

नातवंडांनो, सुट्टीत इंग्रजी कादंबरी वाचून तिच्यातल्या भीतीवर निबंध लिहायचा आहे, असं तुम्ही काल फोनवर म्हणालात, म्हणून हे आज लिहिते.

असाच निबंध मलाही शाळेने दिला होता. नागभीडजवळच्या आमच्या गावातून आई उजाडताच जंगलात मोहफुलं वेचायला जाई. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून सोबतच्याने सतत बोलत राहायचं, अशी रीत होती. सोबत मी जाई, आणि बोलण्याऐवजी निबंधाची ती इंग्रजी कादंबरी मोठ्याने वाचत असे.

एका सकाळी गोष्टीतली बाई अंधाऱ्या जिन्यावर पोचली आणि मी नकळत मनातच वाचू लागले. तेवढ्यात झाडावरची वानरं, वाघ दिसला की खेकसतात तशी, खेकसली. आई ताडकन उभी राहिली.

“काऊन चूप झाली वं? वाच! वाघाले इंग्रजी समजत नाई, माणसाचा आवाज समजते!”

मी वाचू लागले. अर्थ कळत नव्हता, आवाज फाटत होता. समोरचं झुडूप हललं आणि थांबलं. टोपली तिथेच टाकून, मी वाचत आणि आई माझा दंड धरून, आम्ही गावापर्यंत आलो.

त्या जिन्यावर कोणीच बोलत नाही, म्हणून तोच भाग सर्वांत भीतीचा आहे, असं मी निबंधात लिहिलं.

आई आता नाही. कादंबरी आहे, आणि घरात एकटी असले की मी अजून मोठ्यानेच वाचते.