बनुबाईच्या बांगड्या

कराडच्या आमच्या आळीत बनुबाईसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. तिच्या आणि माझ्या खोलीत भिंत एकच, तीही पत्र्याची, तेव्हा मी ऐकीव काही सांगत नाही.

तिचा नवरा जालिंदर साखर कारखान्यात हंगामी कामगार. ऊस गाळायला लागला की पगार, चिमणी थंडावली की घरी. साल सदुसष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि दोघांना घराचं वेड लागलं होतं. कवठे महांकाळकडच्या गावी त्यांचं घर होतं, पण ते गावाबाहेर. धम्म घेऊन दहा वर्षं होऊन गेली तरी घर तिथंच. बनुबाईला रस्त्यावर दार उघडणारं घर हवं होतं. कराडात दोन मालकांनी आधी आडनाव विचारलं, मग घर विकायचंच नाही म्हणाले. तिसरे नानासो, फौजेतून आलेले.

"आडनावाशी मला काय करायचंय?" ते म्हणाले. "दोन खोल्या हाईत. थोडं आदी द्या, बाकी म्हयन्याला चाळीस. पर एक बी म्हयना चुकायचा न्हाई."

जालिंदर लगेच विसार द्यायला निघाला. बनुबाईनं त्याला अडवलं. "आवं, हंगामात कुणाला बी परवडतंय. पावसाळ्यात परवडलं तर आपलं."

मग तिनं युक्ती काढली. घर घेतलंच आहे असं धरून पावसाळाभर दर महिन्याला चाळीस रुपये डब्यात टाकायचे आणि उरतील त्यात जगून बघायचं. निभलं तर दसऱ्याला विसार. त्यांचा धम्माचा दिवसही तोच. नानासोंनी तेवढी मुदत दिली. मला तर हे फारच पटलं. आमच्या ह्यांना हे कधी सुचलं असतं तर!

पावसाळ्यात जालिंदर बाजारात व्यापाऱ्यांच्या अडतीवर गुळाच्या ढेपा उचलायचा. काम मिळेल तो दिवस खरा. तरी श्रावण गेला, भादवा गेला, डबा काही चुकला नाही. जालिंदर छाती फुगवून सांगायचा, "वैनी, दसऱ्याला पेढं खायला या."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याची आई पारूबाई गावाहून आली, तेव्हा मी तिथंच होते. सून पाया पडली. पारूबाईनं तिला हाताला धरून उठवलं आणि ती तिथंच थबकली. उन्हाळ्यात तिनंच सुनेला कासाराकडं बसवून बांगड्या भरल्या होत्या. कासारानं हात इतका दाबला की बनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अशी भरलेली बांगडी फुटल्याशिवाय निघत नाही. पारूबाईनं आता त्या नुसत्या वर सारल्या, तर खळखळत कोपरापर्यंत गेल्या.

"जेवतीस का न्हाई गं तू?"

जालिंदरच म्हणाला, "जेवती की. माझ्या आदुगर जेवून घेती."

"तू बघितलंस?"

त्यानं बघितलं नव्हतं. बनुबाई मात्र भडकली. "मलाच काय इचारताय? ह्यास्नी इचारा की! दुपारची भाकरी नगं म्हनत्यात. अडतीवर जेवान मिळतंय म्हनं!"

अडतीवर हमालाला कोण जेवायला घालतो? मला आधी हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. दोघांनी एकाच परीक्षेत एकमेकांपासून लपवून कॉपी केली होती. डबा भरला होता तो पोटाला चिमटा काढून.

जालिंदर डबा मांडीवर घेऊन बसला. "आये, असला मालक परत घावायचा न्हाई," एवढंच म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. मला त्याच्याकडं बघवेना.

पारूबाईनं पदर खोचला. "ऊठ. मला त्येंच्याकडं घिऊन चल."

आम्ही सगळेच गेलो. पारूबाई नानासोंच्या ओट्याखालीच उभी राहिली, जन्माची सवय. ते "वर या की मावशी" म्हणाले तेव्हा चढली.

"आमाला घर परवडत न्हाई," ती म्हणाली. जालिंदरनं मान खाली घातली. "पर रस्त्याकडंची येक खोली परवडंल. मागची दुसऱ्याला इका."

अर्धं घर मागता येतं, हे त्या दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नानासो मिशीवरून हात फिरवत बसले. "वीस पडतील म्हयन्याला," शेवटी ते म्हणाले. "पर त्या खोलीत भाड्यानं शिंपी हाय, ताबा कसा बी फुडच्या दसऱ्यालाच मिळायचा. तवर इचार करा."

त्या डिसेंबरात भूकंप झाला. अख्खं कराड पहाटे रस्त्यावर आलं. उजाडायच्या आत बनुबाई ती खोली बघून आली. भिंत शाबूत होती.

पुढच्या उन्हाळ्यात सासूनं तिला पुन्हा कासाराकडं बसवलं. पुन्हा पावसाळा आला, डब्यात वीस-वीस पडत गेले. दसऱ्याच्या सकाळी जालिंदर डबा घेऊन निघाला, तर आदल्या रात्रीच गावाहून आलेली पारूबाई दारात आडवी उभी. डब्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सुनेचा हात धरला आणि बांगड्या वर सारल्या. हलेनात. तिनं आणखी जोर लावला.

"आवं आत्याबाई, दुखतंय!" बनुबाई ओरडली.

"दुखू दे," म्हणत पारूबाईनं डोळ्यांना पदर लावला. "चल रं जालिंदर, विसार देऊन येऊ."