टॉवेलाखालचा हात

आमच्याकडे बैलबाजारात दलाल भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, की झाला सौदा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. त्यामुळे कापडाखाली गेलेला हात दिसला की आम्हा बुलढाण्याकडच्या माणसांच्या मनात पाल चुकचुकतेच.

खामगावात इंटरनेट नवं होतं तेव्हा आम्ही चार मित्र आणि आमचे कॉलेजातले सर मिळून मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करत होतो. ते फुकट होतं आणि त्याचा कोड सगळ्यांना उघडा होता. लग्नपत्रिका छापणारी कितीतरी दुकानं त्याच्यावरच चालायची. दुरुस्त्या आम्ही करायचो, पण त्या घ्यायच्या की नाही हे सर ठरवायचे, कारण पासवर्ड एकट्या त्यांच्याकडे. माझी दुरुस्ती त्यांनी दोनदा परत पाठवली होती. मला ते झोंबलं होतं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी सरांच्या दारात पुण्याच्या एका कंपनीची गाडी दिसली. आम्ही समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. सर पाहुण्याला निरोप द्यायला ओसरीवर आले. नुकतेच जेवून हात धुतलेले, हातावर टॉवेल. पाहुण्याने हात पुढे केला आणि तो टॉवेलाखाली बराच वेळ राहिला.

"इकलं बे यानं," एक मित्र म्हणाला. आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

कंपनीसाठी काही घुसडलं का, ते कोड वाचून पाहता आलं असतं. तो कोणी उघडलाही नाही. आम्ही दुकानदारांना फोन केले आणि बातमी पार जळगाव जामोदपर्यंत पोचवली.

शेवटी सरांनीच बोलावून घेतलं. मी सरळ विचारलं, "सर, किती बोटं दाबली?"

ते म्हणाले, "हात पुसून राह्यलो होतो मी. पण तुमचा भरवसाच उडाला, तर आता तुम्हीच सांभाळा."

चौघांसमोर त्यांनी पासवर्ड सांगितला आणि आत निघून गेले. मला तर जास्तच संशय आला. खरा माणूस असा मुकाट्याने सोडून देतो का? भांडले असते तर मी मानलं असतं.

दुसऱ्या दिवशी पासवर्ड चालेना. कोणीतरी तो बदलला होता. चौघंही म्हणालो, मी नाही. सॉफ्टवेअर तिथेच अडकलं, ते कायमचं. मी बदलला नव्हता, हे त्या तिघांना सांगून थकलो. तेही मला हेच सांगतात, आणि माझा एकावरही विश्वास बसत नाही.