घोड्याला माझं तोंड दे!

आमच्या गावचा मूर्तिकार लिकिस्कस भलता खुनशी. नव्या देवळाच्या भिंतीवर वीरांचा मार खाणारे अश्वमानव कोरायचे होते. ज्याच्याशी भांडण, त्याचंच तोंड हा घोड्याच्या धडावर बसवायचा. आपलं तोंड तिथं पाहून कोळी सिमॉन खवळेल असं वाटलं, तर तो पाहुण्यांना हौसेनं दाखवत सुटला, "तो बघा मी!"

मग काय, सगळा गाव लिकिस्कसशी भांडायला धावला. मीही त्याच्या अंगणात शेळी सोडली.

राहिला गरीब स्वभावाचा पाववाला युमेलस. तो लिकिस्कसकडे रडकुंडीला आला. "दादा, तुमचं कधी वाकडं केलं नाही, हाच माझा गुन्हा?"

"निदान एक शिवी तरी दे!" लिकिस्कस म्हणाला.

युमेलसनं पुष्कळ विचार केला. "तुमचे घोडे गाढवासारखे दिसतात."

आज देवळाच्या दारावरच्या भिंतीवर सगळ्यांत जास्त मार खाणारा घोडा आहे ना, तो आमचा युमेलस!