काढून टाकलेलं मैदान

मला अजूनही संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही म्हणून जास्तच येतो.

अमेरिकेत हर्नडनमधल्या आमच्या मराठी मंडळात दरवर्षी मुलांची भाषणं होतात. मुलांना मराठी वाचता येत नाही. मग मुलं इंग्रजीत लिहितात, आया त्याचं मराठी करतात, ते मराठी इंग्रजी अक्षरांत उतरवून देतात आणि मुलं ते घोकतात. स्टेजवर पोरगं 'मातृभूमी' म्हणालं की आजी-आजोबांचे डोळे भरून येतात. पोराला स्वतःला त्यातलं किती कळलंय, हे कुणी विचारत नाही.

त्या वर्षीचा विषय होता 'प्रवास'. माझी लेक दहावीत होती. तिच्या शाळेत गुलामगिरीचा धडा सुरू व्हायचा तो थेट अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांपासून. हिने लायब्ररीतून पुस्तकं आणून त्याच्या मागचं शोधून काढलं. कोलंबस निघायच्या कितीतरी आधी, पोर्तुगालमधल्या लागोस नावाच्या गावात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं जहाजांतून उतरवली गेली. वेशीजवळच्या मैदानात त्यांचे वाटे घातले. आया पोरांना उराशी धरून जमिनीवर पालथ्या पडल्या, मार खात राहिल्या, तरी पोरं ओढून दुसऱ्या वाट्यात टाकली. पोर्तुगालचा राजपुत्र घोड्यावर बसून बघत होता. त्या माणसांतला पाचवा हिस्सा त्याचा. शेवटी तिने लिहिलं होतं की हाही प्रवासच होता, फक्त यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी ते दोनदा वाचलं. लेकीचा अभिमान वाटला. मी एक ओळ न गाळता मराठी केलं आणि कमिटीला पाठवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "वहिनी, भाषण मस्तच आहे हो. पण टॉपिक फार हेवी होतोय. लोक फॅमिली घेऊन येतात, इंडियातून पेरेंट्स आलेले असतात. थोडं पॉझिटिव्ह करा ना. आणि हे काही आपलं नाही, त्यांचं ते बघतील."

ऑफिसात मॅनेजरला तोंडावर नाही म्हणणारी मी, "बघते" म्हणाले. रविवारी दुपारी डायनिंग टेबलाशी बसून मैदान काढलं, वाटे काढले, आया काढल्या, घोड्यावरचा राजपुत्रही काढला. त्या जागी लिहिलं, 'आफ्रिकेतले कष्टाळू लोक जहाजांतून युरोपात आले आणि तिथली शहरं उभारायला त्यांनी मोठा हातभार लावला.' असली गुळगुळीत वाक्यं मला इतकी भराभर सुचली, की आज त्याचीच शिसारी येते.

लेकीने कागद हातात घेतला. घरातलं जेवणखाणाचं मराठी तिला कळायचं, भाषणातलं नाही.

"इट्स शॉर्टर," ती म्हणाली. "आई, सगळं आहे ना यात?"

"आहे," मी म्हणाले.

स्टेजवर तिच्या डोळ्यांसमोर ते मैदान होतं. आवाज कापत होता, मुठी वळल्या होत्या, आणि तोंडातून निघत होतं, कष्टाळू लोक, मोठा हातभार. समोरचे काका-काकू कौतुकाने माना डोलवत होते. टाळ्या पडल्या.

मग अध्यक्षांनी माइक घेतला. "वा! म्हणजे दे वेअर जस्ट लाइक अस! आपल्यासारखेच जॉबसाठी आलेले. फक्त एच-वन व्हिसा नव्हता!"

हॉल खो-खो हसला. मागे वडापावच्या रांगेत उभे असलेलेही हसले. त्या माणसाच्या हातातला माइक हिसकावून घ्यावा, असं मला वाटलं. पण माझं लिहिलेलंच त्याला ऐकू आलं होतं. आणि म्हणून तर मी आणखी चिडले.

लेक खाली येऊन माझ्या शेजारी बसली. त्या विनोदात तिला कळण्याइतकं इंग्रजी होतं.

"व्हाय आर दे लाफिंग? आई, मी काय बोलले?"

मी तिला उठवून गाडीकडे नेलं. परत येताना मी काय काढलं आणि काय घातलं, ते एकेक वाक्य तिला सांगितलं. तिने घरापर्यंत खिडकीकडचं तोंड वळवलं नाही.

आता तिला मराठी वाचता येतं. कॉलेजात गेल्यावर ती स्वतःहून शिकली, मला न विचारता. मंडळात सगळे माझं कौतुक करतात, की आईने मुलीचं मराठी किती छान टिकवलं.